जीपचे मूळ रूप कोणते?

एकेकाळी जी वस्तू केवळ राबविण्यासाठी घेतली गेली, तीच कालांतराने जपण्यासाठी घेतली जाते. चारही चाकांना गती देणाऱ्या जुन्या जीपगाड्यांच्या वाट्याला सध्या हेच भाग्य आले आहे. शेताच्या बांधावर वा सरकारी कचेरीच्या आवारात गंजत पडलेल्या जीपा विकत घेऊन त्यांचा जीर्णोद्धार करणाऱ्यांचा एक वर्ग आपल्याकडे तयार झाला आहे. गाडी उलगडली, की मात्र एक गोष्ट हटकून आढळते. तिच्यातील कित्येक भाग तिचे मूळचे नसतात. एंजिन एका सालचे, बॉनेट दुसऱ्या सालचे आणि गिअरपेटी तिसऱ्याच गाडीची. मालक हिरमुसतो, आणि कायदाही त्याच्या हिरमोडात भर घालतो.

केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये मोटार वाहन नियमांत दुरुस्ती करून पन्नास वर्षांहून जुन्या दुचाकी व चारचाकी वाहनांसाठी 'व्हिंटेज' असा स्वतंत्र वर्ग निर्माण केला. नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये ठरले आणि अशा वाहनाच्या नित्य व व्यापारी वापरास मनाई झाली. येथवर आक्षेप घेण्याजोगे काही नाही. परंतु वाहन मूळ स्वरूपात राखलेले असावे, त्याच्या चॅसीत, बॉडीत वा एंजिनात फेरफार करणारी भरीव दुरुस्ती झालेली नसावी, अशीही अट व्याख्येत आहे. भारतातील किती जुन्या जीपा या कसोटीस उतरतील? आणि ज्या उतरणार नाहीत, त्या कमी अस्सल म्हणाव्यात काय?

वास्तविक जीपच्या बाबतीत 'मूळ' हा शब्द जन्मापासूनच घोटाळ्याचा आहे. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेला ही गाडी इतक्या मोठ्या संख्येने हवी होती, की विलीजचा आराखडा फोर्डलाही देण्यात आला. दोन्ही कारखान्यांनी मिळून सहा लाखांहून अधिक गाड्या बनविल्या, त्या एकाचा भाग दुसऱ्यास बसावा या अटीवरच. फोर्ड आपल्या भागांवर, अगदी बोल्टच्या डोक्यावरही, 'एफ' हे अक्षर उमटवीत असे. त्यामुळे आज विलीजच्या गाडीत हे अक्षर आढळले, तर तज्ज्ञ तो भाग 'परका' ठरवितात. पण रणांगणाच्या पिछाडीला असलेल्या लष्करी कर्मशाळेत हातास येईल तो भाग बसवून गाडी पुन्हा धावती करणे, हेच त्या आराखड्याचे प्रयोजन होते.

भारतात या प्रश्नाला आर्थिक धोरणाचा पदर जोडला गेला. १९४८ मध्ये लंडनच्या उच्चायुक्त कार्यालयामार्फत लष्करासाठी दोन हजार पुनर्दुरुस्त जीपांची मागणी नोंदविली गेली. प्रत्यक्षात १५५ आल्या, आणि त्याही निरुपयोगी ठरल्या. या प्रकरणावरून संसदेत गदारोळ झाला. त्याच सुमारास महिंद्रांनी मुंबईत विलीज जीपांची जुळणी सुरू केली. प्रारंभी सुटे भाग परदेशातून येत. १९५३ नंतर शासनाचे धोरण पालटले. देशात उत्पादन करण्याचा कार्यक्रम नसलेल्या, केवळ जुळणी करणाऱ्या परदेशी कंपन्यांना गाशा गुंडाळावा लागला. पुढे १९५६-५७ च्या परकीय चलनाच्या टंचाईने आयातीवरील निर्बंध अधिकच आवळले गेले.

याचा परिणाम तालुक्याच्या गावातील गॅरेजपर्यंत पोहोचला. युद्धकाळातील जीपचा कार्टर कार्ब्युरेटर निकामी झाला, की त्याच्या जागी बाजारात मिळणारा सोलेक्स बसे. सहा व्होल्टची वीजयोजना जाऊन बारा व्होल्टची आली. युद्धकालीन जीपच्या दर्शनी जाळीला नऊ फटी असत, मुलकी जीपच्या जाळीला सात. अपघातात नऊ फटींची जाळी चेमटली, तर सात फटींची बसविली जाई. जे भंगारातही मिळत नसे, ते लेथवर कातून घेतले जाई. १९७३ नंतर खनिज तेलाच्या किमती भडकल्या, तेव्हा पेट्रोलचा खर्च न झेपणाऱ्या अनेकांनी जीपमध्ये डिझेल एंजिन बसवून घेतले. ही उलाढाल कोणी हौसेने केली नाही. दुर्मीळ साधनांच्या अर्थव्यवस्थेत भांडवली वस्तूचे आयुष्य वाढविण्याचा तो शहाणा मार्ग होता. आयात परवान्याच्या काळाचा इतिहास जितका सरकारी अहवालांत आहे, तितकाच तो या जीपांच्या पोटात आहे.

तथापि प्रत्येक परक्या भागाचे गोडवे गाणे हाही भाबडेपणाच ठरेल. गरजेपोटी बसविलेला पर्यायी भाग वेगळा आणि नामांकित कारखान्याचा शिक्का मारून विकलेला नकली भाग वेगळा. जाळीच्या फटी नऊ असोत वा सात, कोणाच्या जिवास अपाय होत नाही. ब्रेक वा सुकाणूचा नकली भाग मात्र घाटात जीव घेऊ शकतो. त्याचप्रमाणे चॅसीवरील क्रमांक घासून नवा कोरणे ही दुरुस्ती नव्हे, तो गुन्हा आहे. जॉर्ज अ‍ॅकरलॉफ या अर्थशास्त्रज्ञाने १९७० मध्ये जुन्या मोटारींच्या बाजाराचेच उदाहरण घेऊन दाखविले होते, की विक्रेत्यास मालाचा दर्जा ठाऊक आणि ग्राहकास अज्ञात असेल, तर खोट्या मालामुळे खऱ्या मालाचीही किंमत उतरते आणि चांगला माल बाजारातूनच निघून जातो. पुढे २००१ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले, त्यामागे हेच विवेचन होते. जुन्या जीपांच्या बाजारास ते तंतोतंत लागू पडते.

यावरचा उपाय मूळपणाची अट अधिक कडक करण्यात नाही. तशी अट घातली, की फेरफार थांबत नाहीत, ते लपविले जातात. प्रामाणिक मालक आपले डिझेल एंजिन उघड करून वर्गाबाहेर पडतो. अप्रामाणिक मालक परदेशातून नवे बनविलेले जुन्या धाटणीचे भाग मागवून 'मूळ स्वरूप' उभे करतो. म्हणजे चाळीस वर्षे देशात राबलेला भाग नकली आणि काल तयार झालेला भाग अस्सल, असा उफराटा न्याय होतो.

त्यापेक्षा नोंदीवर भर देणे श्रेयस्कर. प्रत्येक जुन्या वाहनाबरोबर त्याच्या दुरुस्त्यांची वही असावी. कोणता भाग केव्हा, कोठे आणि कशासाठी बदलला, हे तीत लिहिलेले असावे. नियमांनीही ठरावीक काळापूर्वी झालेल्या व नोंदणी पुस्तकात मान्य असलेल्या फेरफारांना वाहनाच्या इतिहासाचा भाग मानावे. कठोरता ब्रेक, सुकाणू आणि क्रमांक यांपुरती राखावी. हे काम लवकर व्हावयास हवे. ज्या फिटरांनी हे भाग घडविले, ते वृद्ध झाले आहेत, आणि त्यांचे ज्ञान कोणत्याही पुस्तकात उतरलेले नाही.

देवळाचा जीर्णोद्धार करताना पिढ्यान्‌पिढ्यांनी घातलेली भर सरसकट खरवडून काढली, तर हाती येतो तो कोरा दगड. जीपचेही तसेच आहे. तिला कारखान्यातून बाहेर पडल्या दिवसाचे रूप देण्याच्या नादात तिने या देशात घालविलेली वर्षे पुसली जाणार असतील, तर त्याला जतन म्हणता येणार नाही.