बेरजेत लपलेले आम्ल

1952 च्या ऑगस्टमध्ये कोपनहेगनच्या ब्लेगडम रुग्णालयात पोलिओच्या रुग्णांची रीघ लागली होती. श्वासाचे स्नायू लुळे पडलेल्या पहिल्या 31 जणांना यंत्रांवर ठेवले. त्यातले 27 दगावले. त्यांच्या रक्तातल्या कार्बन डायऑक्साइडचे एकूण प्रमाण खूप वाढलेले दिसे. अल्कली वाढला असणार, असा निष्कर्ष निघाला; तो का वाढला, हे कोणालाच सांगता येईना.

प्रकार नेमका उलटा होता. त्या आकड्यात रक्तात विरघळलेला वायू आणि बायकार्बोनेट, दोन्ही एकत्र मोजले जात. रक्ताचा पीएच 7.35 ते 7.45 एवढ्या चिंचोळ्या पट्ट्यात राहतो तो या दोघांच्या गुणोत्तरामुळे: बायकार्बोनेट वायूच्या साधारण वीसपट असावे लागते. फुप्फुसे जादा वायू काही मिनिटांत बाहेर टाकतात, मूत्रपिंडांना मात्र बायकार्बोनेट वाढवायला काही दिवस लागतात. श्वासच अपुरा पडला तर वायू साचतो, रक्त आम्लाकडे झुकते आणि बेरीज तेवढी फुगते.

भूलतज्ज्ञ ब्यॉर्न इब्सेन यांनी हे ताडले. 27 ऑगस्टला हातपाय लुळे पडलेली, ज्वराने फणफणलेली, स्वतःच्याच स्रावांत घुसमटणारी बारा वर्षांची मुलगी त्यांच्यापुढे होती. श्वासनलिकेला छेद देऊन नळी बसवली, पण श्वासमार्ग आवळले गेले आणि हवा आत जाईना. इब्सेन यांनी पेंटोथाल या भुलीच्या औषधाचे इंजेक्शन दिले. मुलगी शिथिल झाली, तेव्हा कुठे रबरी पिशवी हाताने दाबून तिला पुरेसा श्वास देता आला. ती वाचली!

मग वैद्यकीय विद्यार्थी बोलावले गेले. सुमारे 1,500 जणांनी पाळ्या लावून, रात्रंदिवस पिशव्या दाबल्या. सुमारे 87 टक्क्यांवर असलेले मृत्यूचे प्रमाण काही महिन्यांत 25 टक्क्यांच्या आसपास आले. वैद्यकाच्या इतिहासात इतक्या तरुण हातांचे इतके मोठे काम क्वचितच दिसते.

त्याच रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत पॉल आस्त्रुप यांनी पीएच थेट मोजला आणि आम्लच वाढल्याचे दाखवून दिले. पुढे रक्तातला वायूचा दाब चटकन काढण्याची पद्धतही त्यांनीच बसवली. साथीतल्या याच अनुभवावर 1953 च्या डिसेंबरात इब्सेन यांनी कोपनहेगनमध्ये अतिदक्षता विभाग उभा केला.

सहकारी ओले सिगार्ड-अँडरसन यांच्या साथीने आस्त्रुप यांनी रक्तात अल्कली किती जास्त किंवा कमी आहे हे सांगणारे 'बेस एक्सेस' हे नवे मापही आणले. बोस्टनच्या मूत्रपिंडतज्ज्ञांना ते पटले नाही. प्रयोगशाळेतल्या नळीतले रक्त आणि जिवंत शरीर सारखे वागत नाहीत, असा त्यांचा आक्षेप होता. साठच्या दशकातला तो अटलांटिकपारचा वाद पुरता मिटलेला नाही. मनगटाच्या धमनीतून घेतलेल्या रक्ताच्या 'एबीजी' अहवालात आज बायकार्बोनेट आणि बेस एक्सेस, दोन्ही छापून येतात.