झिम्मा-फुगडीने काय जुळतं?

श्रावणातल्या मंगळागौरीला नवी सून सासरच्या गोतावळ्यात बसायची, तेव्हा निम्म्या बायकांची नावंही तिला ठाऊक नसत. फराळ उरकला की पदर खोचून खेळ सुरू होत आणि पहाटेपर्यंत तीच सून चुलत सासूचे हात धरून गरगर फिरत असे. एका रात्रीत एवढा परकेपणा कसा जातो?

ऑक्सफर्डमध्ये वल्हवणाऱ्या खेळाडूंवर एक प्रयोग झाला, तो २०१० साली प्रसिद्ध झाला. यंत्रावर पाऊण तास वल्हवायचं, कधी एकट्याने, कधी सगळ्यांनी एका तालात. मेहनत तेवढीच, तरी एकत्र वल्हवल्यावर वेदना सोसण्याची ताकद जास्त वाढलेली दिसली. ती मोजायला दंडावर रक्तदाबाचा पट्टा आवळत नेतात. हा आडमार्ग घ्यावा लागतो, कारण मेंदूत एंडॉर्फिन हे शरीराचं स्वतःचं वेदनाशामक किती स्रवलं, ते रक्त तपासून कळत नाही. याच रसायनामुळे बरं वाटतं आणि सोबतचं माणूस जवळचं वाटू लागतं, असं या प्रयोगातले एक संशोधक रॉबिन डनबार मानतात.

२०१५ मध्ये ब्राझीलमधल्या शाळकरी मुलांना नाचायला लावून ताल आणि दमछाक यांचा परिणाम वेगवेगळा तपासला गेला. दोन्हींचा आपापला वाटा निघाला. त्याच वर्षीच्या इंग्लंडमधल्या अभ्यासात गाण्याच्या वर्गातली माणसं हस्तकलेच्या किंवा लेखनाच्या वर्गातल्यांपेक्षा लवकर एकमेकांत मिसळली. सात महिन्यांनी सगळेच वर्ग सारखे जवळ आले होते, पण सुरुवातीचं अवघडलेपण गाणाऱ्यांनी आधी ओलांडलं. नव्या सुनेची निकड तीच तर होती.

आता फुगडी पाहा. पायांचे चवडे जुळवलेले, हातांची कैची घट्ट, दोघींची अंगं मागे झुकलेली. एकीचा तोल दुसरीच्या वजनावर. वेग एकीने ठरवून चालत नाही. पकड सैल झाली की दोघी आपटतात, आणि मग हसू आवरत नाही. ताल, गाणं, दम आणि हसणं एकाच खेळात आलं. मित्रांसोबत हसतानाही मेंदूत एंडॉर्फिनसारखी रसायनं स्रवतात, हे फिनलंडमधल्या संशोधकांनी २०१७ मध्ये मेंदूच्या चित्रणातून दाखवलं.

म्हणूनच आजकाल हॉलमध्ये सुपारी देऊन खेळांचा संच बोलावतात आणि घरच्या बायका खुर्च्यांवर बसून मोबाइलवर चित्रण करतात, ते मला खटकतं. संचातल्या बायका एकमेकींच्या जिवाभावाच्या होतात, आणि सून मात्र पाहुण्यांना फोटो देत उभी राहते.

जुन्या रिंगणाचीही एक मोठी उणीव होती: त्यात विधवेला जागा नव्हती. जिला सोबतीची सर्वांत जास्त गरज, तीच दाराआड बसून गाणी ऐके. खेळ पूजेला बांधून ठेवायचं आता काहीच कारण नाही. विधवा काकू, अविवाहित नणंद, शेजारच्या खोलीत भाड्याने राहणारी परगावची मुलगी, सगळ्यांना हाताला धरून उठवावं. झिम्म्याला टाळ्या आणि चार गाणी पुरतात.