रोखे, उच्च परताव्याचे

बाजारातील सर्वसाधारण व्याजदरापेक्षा बराच अधिक परतावा देऊ करणारे व त्या प्रमाणात अधिक जोखीम असणारे कर्जरोखे. रोखा विकणारी संस्था ठरलेल्या मुदतीने मुद्दल आणि त्यावरील व्याज देण्याचे वचन देते. ते वचन पाळले जाईल याविषयी जितकी शंका, तितका व्याजाचा दर चढा असतो. पतमापन संस्था रोख्यांना श्रेणी देतात. ‘बीबीबी वजा’ या श्रेणीच्या खाली येणारे रोखे आंतरराष्ट्रीय व्यवहारात उच्च परताव्याचे म्हणून ओळखले जातात. अमेरिकेत त्यांना भंगार रोखे असेही तुच्छतादर्शक नाव पडले आहे. १९८० नंतरच्या दशकात मायकेल मिल्कन व ड्रेक्सेल बर्नहॅम लॅम्बर्ट ही पेढी यांनी या रोख्यांचा बाजार विस्तारला. ही पेढी १९९० मध्ये दिवाळखोरीत गेली, बाजार मात्र टिकून राहिला. भारतात पतमापनाची पहिली संस्था, क्रिसिल, १९८७ मध्ये मुंबईत स्थापन झाली.

चढा परतावा नेहमी निम्न श्रेणीमुळेच मिळतो असे नाही. प्रकल्पाला उत्पन्न सुरू होण्यास लागणारा दीर्घ काळ, त्याच्या पूर्णतेविषयीची अनिश्चितता आणि अन्य मार्गांनी भांडवल मिळण्याची अडचण यांमुळेही कर्ज घेणाऱ्यास अधिक दर द्यावा लागतो. या प्रकारचे भारतातील ठळक उदाहरण म्हणजे सरदार सरोवर प्रकल्पाचे नर्मदा रोखे होत. त्यांचा उगम समजण्यासाठी महाराष्ट्रातील मणिबेली या खेड्यापर्यंत जावे लागते.

मणिबेली हे नंदुरबार जिल्ह्याच्या अक्कलकुवा तालुक्यातील, सातपुड्याच्या उत्तर उतारावर नर्मदेच्या दक्षिण तीरी वसलेले आदिवासी गाव. १९९८ मध्ये नंदुरबार जिल्हा वेगळा होण्यापूर्वी ते धुळे जिल्ह्यात होते. गुजरातच्या हद्दीजवळ असल्याने धरणाच्या बुडिताखाली येणाऱ्या महाराष्ट्रातील ३३ गावांपैकी ते सर्वांत आधी पाण्याच्या वाटेत आले. या परिसरातील शूलपाणेश्वराचे जुने मंदिरही जलाशयात गेले. नर्मदा जलविवाद लवादाच्या १९७९ च्या निवाड्यानुसार धरणाच्या विजेत मध्य प्रदेशाचा ५७, महाराष्ट्राचा २७ व गुजरातचा १६ टक्के वाटा ठरला. विस्थापितांच्या पुनर्वसनाचा खर्च प्रकल्पाच्याच माथी होता आणि बुडिताच्या किमान एक वर्ष आधी त्यांना जमीन द्यावी, असे बंधन होते. म्हणजे भिंत बांधण्याचा पैसा व मणिबेलीच्या शेतकऱ्याला पर्यायी जमीन देण्याचा पैसा एकाच तिजोरीतून यावयाचा होता. तिजोरी आटली की कोणता खर्च आधी मागे पडतो, हे अशा प्रकल्पांत सहसा अनुभवास येते.

ही तिजोरी प्रारंभी अंशतः परदेशी पैशाने भरली. जागतिक बँकेने १९८५ मध्ये धरण व कालवे यांसाठी ४५ कोटी डॉलरचे कर्ज मंजूर केले. जपानने जलविद्युत् यंत्रसामग्रीसाठी साहाय्य देऊ केले होते, परंतु १९९० मध्ये त्याने हात आखडता घेतला. मेधा पाटकर यांच्या नेतृत्वाखालील नर्मदा बचाव आंदोलनाने मणिबेली हे सत्याग्रहाचे केंद्र केले. बँकेने नेमलेल्या ब्रॅडफर्ड मोर्स यांच्या स्वतंत्र समितीने जून १९९२ मधील अहवालात पुनर्वसन व पर्यावरण या दोन्ही अंगांनी प्रकल्प सदोष असल्याचा निष्कर्ष काढला आणि बँकेने एक पाऊल मागे घेऊन सर्व गोष्टींचा नव्याने विचार करावा, असे सुचविले. बँकेने काही अटी घातल्या. त्या पुऱ्या होण्याची चिन्हे दिसेनात, तेव्हा मार्च १९९३ मध्ये भारत सरकारने कर्जाची उर्वरित, सु. १७ कोटी डॉलरची रक्कम नको असल्याचे कळविले. त्याच वर्षीच्या पावसाळ्यात मणिबेलीतील घरे पाण्याखाली गेली.

बँक मागे सरली, बांधकाम मात्र थांबले नाही. प्रकल्पासाठी १९८८ मध्ये स्थापन झालेल्या सरदार सरोवर नर्मदा निगम या गुजरात शासनाच्या कंपनीने नोव्हेंबर १९९३ मध्ये, म्हणजे परदेशी कर्ज बंद झाल्यानंतर अवघ्या आठ महिन्यांनी, थेट जनतेपुढे रोखे मांडले. ते खोल बट्ट्याचे रोखे होते; व्यवहारात ‘डीप डिस्काउंट बाँड’ हेच नाव रूढ आहे. अशा रोख्यावर दरसाल व्याज मिळत नाही. दर्शनी मूल्यापेक्षा पुष्कळच कमी किमतीला तो विकला जातो आणि मुदतीअखेर पूर्ण दर्शनी मूल्य हाती पडते. दोहोंतील फरक हेच चक्रवाढीने साठलेले व्याज असते. ज्या प्रकल्पाला वर्षानुवर्षे उत्पन्न नाही, त्याला ही रीत सोयीची असते, कारण बांधकामाच्या काळात रोख व्याज द्यावे लागत नाही. गैरसोय एवढीच, की कर्जाचा डोंगर निःशब्दपणे वाढत जातो.

नर्मदा रोख्याची किंमत ३,६०० रु. व २० वर्षांनंतरचे मूल्य १,११,००० रु. होते. गुंतवणूकदाराची इच्छा असल्यास ७ वर्षांनी १२,५०० रु., ११ वर्षांनी २५,५०० रु. किंवा १५ वर्षांनी ५०,००० रु. घेऊन त्याला बाहेर पडता येत होते. चक्रवाढीने हिशेब केल्यास पहिल्या दोन टप्प्यांपर्यंतचा परतावा दरसाल सु. साडेएकोणीस टक्के, पंधरा वर्षांपर्यंतचा एकोणीस टक्क्यांच्या किंचित वर आणि पूर्ण मुदतीचा पावणेएकोणीस टक्क्यांच्या आसपास येतो. बँकांच्या ठेवींवरील तत्कालीन व्याजापेक्षा तो कितीतरी अधिक होता. मुलांचे शिक्षण, मुलीचे लग्न किंवा निवृत्ती यांसाठी एकदाच पैसे गुंतवून कागद कपाटात ठेवावा, अशी मध्यमवर्गीय बचत करणाऱ्याला ही योजना मानवणारी होती.

निगमच्या दृष्टीने मात्र काळ प्रतिकूल ठरला. आंदोलनाच्या १९९४ मधील याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने दिलेल्या आदेशांमुळे १९९५ ते १९९९ या काळात धरणाची भिंत ८०·३ मीटरवर थांबली. ऑक्टोबर २००० च्या निकालाने पुढील बांधकामास टप्प्याटप्प्याने वाट मिळाली आणि वीजनिर्मिती २००४ मध्ये सुरू झाली. उत्पन्न लांबले तरी रोख्यांवरील चक्रवाढ थांबत नाही. शिवाय दरम्यान देशातील व्याजदर पुष्कळ उतरले होते व १९९३ चे दर अवाजवी भासू लागले होते. मुदत संपण्यापूर्वी रोखे परत घेण्याचा अधिकार कंपनीने मूळ अटींत आपल्याकडे ठेवला नव्हता. बाहेर पडण्याची मुभा होती ती केवळ गुंतवणूकदाराला. तेव्हा गुजरात विधानसभेने २००८ मध्ये हा अधिकार निगमला देणारा स्वतंत्र कायदाच केला आणि जानेवारी २००९ मध्ये ५०,००० रु. देऊन रोखे विमोचित करण्यात आले.

या घटनेत गुंतवणूकदाराचे नेमके काय गेले, हे पाहण्यासारखे आहे. पंधरा वर्षांचा परतावा त्याला ठरल्याप्रमाणे मिळाला. मुद्दल बुडाले नाही. परंतु शेवटच्या पाच वर्षांत ५०,००० चे १,११,००० व्हावयाचे होते, म्हणजे दरसाल सु. सव्वासतरा टक्के मिळावयाचे होते. हाती आलेली रक्कम त्याने साडेआठ टक्क्यांनी पाच वर्षे ठेवली असे धरल्यास तिचे सु. ७५,००० रु. होतात. उरलेले सु. ३६,००० रु. ही एका कायद्याची किंमत होय. रोख्याची जोखीम म्हणजे केवळ कर्ज बुडण्याची जोखीम, हा समज त्यामुळे अपुरा ठरतो. कर्ज घेणारी कंपनी शासनाची असेल, तर पैसे मिळण्याची शाश्वती वाढते. मात्र कराराच्या अटी बदलण्याचे सामर्थ्यही तिच्या मालकाकडेच असते.

भारतीय औद्योगिक विकास बँकेच्या १९९२ च्या रोख्यांशी याची तुलना उद्बोधक आहे. २,७०० रु. किमतीच्या त्या रोख्याचे २५ वर्षांनी १ लाख रु. व्हावयाचे होते, बँकेने ते २००२ मध्ये १२,००० रु. देऊन परत घेतले. तेथेही अनेकांचा हिरमोड झाला, पण तो अधिकार बँकेने अटींत प्रथमपासून राखून ठेवला होता. बारीक अक्षरांतील अटी वाचण्याचा कंटाळा अशा वेळी महागात पडतो. महाराष्ट्रात कृष्णा खोरे विकास महामंडळानेही १९९६ पासून राज्य शासनाच्या हमीवर रोखे विकून पाटबंधाऱ्यांसाठी भांडवल उभारले.

कर्जदात्यांचे लक्ष विस्थापितांकडे वळविण्याचे प्रयत्न मणिबेलीच्या नावाने जगभर झाले. सप्टेंबर १९९४ मध्ये, जागतिक बँकेच्या सुवर्णमहोत्सवाच्या सुमारास, ४४ देशांतील ३२६ संघटनांनी ‘मणिबेली जाहीरनामा’ प्रसिद्ध करून मोठ्या धरणांना बँकेने देण्याचे कर्ज काही अटी पूर्ण होईपर्यंत थांबवावे अशी मागणी केली. पुढे १९९८ मध्ये जागतिक धरण आयोग स्थापन झाला व त्याचा अहवाल २००० मध्ये आला. मेधा पाटकर या त्या आयोगाच्या एक सदस्य होत्या. खाजगी बँकांनी २००३ मध्ये प्रकल्पकर्जांसाठी ‘इक्वेटर तत्त्वे’ स्वीकारली. मात्र ती प्रारंभी रोख्यांना लागू नव्हती. बँकेला जाब विचारता येतो, तिच्या दारी धरणे धरता येते. हजारो घरांतील कपाटांत विखुरलेल्या रोखेधारकांना विचारणार कोण? १९९३ मध्ये भांडवलाचा मार्ग बदलला, तेव्हा हे उत्तरदायित्वही विरळ झाले.

एकेका रोख्याची जोखीम विभागण्यासाठी म्युच्युअल फंडाचा उपाय काढण्यात आला आहे. जागतिक उच्च परताव्याचा फंड अनेक देशांतील शेकडो कंपन्यांचे व शासनांचे रोखे घेतो. त्यामुळे एखादा बुडाला तरी निधीला बसणारा धक्का लहान असतो. तथापि जाहिरातीतील परतावा व पदरात पडणारा परतावा यांत अंतर राहते. समजा, निधीतील रोख्यांचा सरासरी परतावा ८ टक्के आहे, वर्षाला ३ टक्के रोखे बुडतात व त्यांतील ४० टक्के रक्कम वसूल होते. तर तोटा १·८ टक्के होतो. व्यवस्थापनाचा खर्च १·२ टक्के धरल्यास हाती ५ टक्केच उरतात. मंदीच्या काळात अनेक कर्जदार एकाच वेळी अडचणीत येतात, त्यामुळे विभागणीचा आधार नेमका गरजेच्या वेळी दुबळा होतो. रुपयात हिशेब करणाऱ्या भारतीय गुंतवणूकदाराच्या बाबतीत विनिमय दराची भर पडते: रुपया घसरल्यास लाभ, वधारल्यास तोटा.

अशा निधीचा आणखी एक दोष म्हणजे रोखतेतील विसंगती. युनिटधारकाला कोणत्याही दिवशी पैसे मागता येतात, निधीतील रोख्यांना मात्र रोज ग्राहक मिळतोच असे नाही. अमेरिकेतील थर्ड ॲव्हेन्यू फोकस्ड क्रेडिट फंडाने डिसेंबर २०१५ मध्ये याच कारणाने विमोचन थांबविले. मुंबईत मुख्यालय असलेल्या फ्रँकलिन टेंपलटन म्युच्युअल फंडाने २३ एप्रिल २०२० रोजी सहा कर्जयोजना बंद केल्या, तेव्हा भारतीय गुंतवणूकदारांना हा धडा घरीच मिळाला. सर्वोच्च न्यायालयाच्या २०२१ मधील आदेशानुसार एसबीआय म्युच्युअल फंडामार्फत वसूल झालेली रक्कम हप्त्याहप्त्यांनी वाटण्यात आली. पैसे परत आले. पण ते केव्हा येतील हे ठरविणे युनिटधारकांच्या हाती राहिले नव्हते.