उतारावर गाडी बंद करताय? थांबा ताई!



गेल्या महिन्यात एका गावची बैठक आटोपून मी गटातल्या एका ताईंच्या स्कूटीवर मागे बसून घाट उतरत होते. उतार लागला तशी ताईंनी थांबून किल्ली फिरवली, गाडी बंद केली. म्हणाल्या, "उताराला कशाला पेट्रोल जाळायचं?" निम्म्या घाटात करपल्यासारखा वास आला. ब्रेक दाबला तरी पकड येईना. नशीब, वळणाच्या आधी मातीचा ढीग होता, त्यात गाडी घातली. दोघींचे गुडघे फुटले, पण जीव वाचला. आता आपल्यातल्या बऱ्याच जणी गाडी चालवतात, म्हणून हे असं का झालं ते समजून घेऊया.

ऊर्जेचा हिशोब आपल्या गटाच्या वहीसारखाच असतो. एका खात्यातून गेलेली रक्कम दुसऱ्या खात्यात दिसतेच, मधल्या मधे गायब होत नाही. घाट चढताना पेट्रोल जळतं. त्यातली बरीच ऊर्जा इंजिन तापण्यात जाते, पण काही ऊर्जा गाडीच्या उंचीत जमा होते. उतरताना तीच जमा बाहेर येते आणि वेग बनते. ब्रेक दाबला की वेगाची उष्णता होते.

विहिरीतून भरलेली बादली ओढताना दोर हातातून निसटला की तळहात कसा पोळतो, आठवतंय ना? ब्रेकचंही तेच होतं. चाकाला घासून तो तापतो. फार तापला की त्याची पकड कमी होते.

किती तापत असेल? दोघी बसलेली स्कूटी साधारण 230 किलो धरा. ती 300 मीटर उंचीवरून खाली आली तर जेवढी ऊर्जा सुटते, तेवढीत दोन लिटर गार पाणी उकळेल. माणसांनी भरलेली अडीच टनांची जीप असेल तर वीस लिटरच्या वर! थोडी ऊर्जा वाऱ्यात जाते. इंजिन बंद असेल तर उरलेला जवळजवळ सगळा भार ब्रेकवर येतो.

दुसरी गोष्ट वेगाची. वेग दुप्पट झाला की ऊर्जा दुप्पट नाही, चौपट होते. ताशी 20 किलोमीटर वेगाने भिंतीवर आदळणं म्हणजे साधारण 5 फुटांवरून पडणं. 40 च्या वेगाने म्हणजे 20 फुटांवरून. आणि 60 ला? 45 फुटांच्याही वरून! म्हणून "थोडंच तर पळवतेय" हा हिशोब चुकतो.

मग करायचं काय?

• उतारावर गाडी बंद करू नका, न्यूट्रलही करू नका. गिअरची गाडी असेल तर ज्या गिअरमध्ये चढ चढता त्याच गिअरमध्ये उतरा. ॲक्सिलरेटर सोडला की इंजिनच चाकांना आवरतं.

• स्कूटीला हा आधार कमी मिळतो. म्हणून वेग वाढल्यावर नाही, पहिल्यापासूनच कमी ठेवा.

• ब्रेक सतत दाबून धरू नका. दोन्ही ब्रेक एकदम दाबा, वेग कमी करा, सोडा. त्याला गार व्हायला वेळ मिळतो.

• करपल्याचा वास आला किंवा पकड कमी वाटली तर लगेच बाजूला थांबा. ब्रेक गार होऊ द्या.

• वडापच्या जीपमध्ये बसलात आणि ड्रायव्हरने उतारावर इंजिन बंद केलं, तर गप्प बसू नका. इंजिन बंद झाल्यावर अशा गाडीचा ब्रेक दोन-तीनदा दाबला की कडक होतो आणि मग पाय रेटूनही नीट लागत नाही. "दादा, गाडी चालू करा" असं सगळ्या जणींनी मिळून म्हणा. एकटीचं ऐकलं नाही तरी दहा जणींचं ऐकावं लागतं, हे आपल्याला गटानेच शिकवलंय.

त्या घाटात आमचं वाचलं असतं ते फार तर पाच-दहा रुपयांचं पेट्रोल. पुढच्या मासिक बैठकीत वसुली झाल्यावर दहा मिनिटं या विषयाला द्या. आणि घरी मुलाला, मालकांनाही सांगा. उतारावर किल्ली फिरवायची सवय त्यांनाही असते!