हौशी नेमबाजालाही श्रेणी हवी

अमेरिकेत महिन्यातून एखाद्या रविवारी पिस्तूल घेऊन स्पर्धेला जाणारे हौशी नेमबाज पुष्कळ आहेत. ‘आपल्याला कुठे जिंकायचंय, श्रेणी कशाला?’ असे त्यांतल्या अनेकांना वाटते.

तिथल्या ‘युनायटेड स्टेट्स प्रॅक्टिकल शूटिंग असोसिएशन’ची पद्धत मात्र समजून घेण्याजोगी आहे. ठरावीक आखणीच्या चाचण्या देशभर सारख्याच घेतल्या जातात. ‘एल प्रेसिडेंटे’ ही त्यांतली प्रसिद्ध चाचणी: 10 यार्डांवर तीन लक्ष्ये आणि पाठ फिरवून सुरुवात. वळून प्रत्येकी दोन गोळ्या, मॅगझिन बदलून पुन्हा प्रत्येकी दोन. मिळालेल्या गुणांना लागलेल्या सेकंदांनी भागायचे; 60 गुण 6 सेकंदांत मिळाले तर भागाकार 10. अव्वल मानल्या गेलेल्या आकड्याशी तो ताडला की टक्के निघतात. 40च्या खाली डी, मग सी, 60पासून बी, 75पासून ए, 85ला मास्टर, 95ला ग्रँडमास्टर.

एकच चाचणी पुन्हापुन्हा घोटून श्रेणी फुगवता येते, हा आक्षेप खराच आहे.

तरीही श्रेणी घ्यावीच. स्थानिक स्पर्धेतला क्रमांक त्या दिवशी कोण आले यावर ठरतो; टक्क्यांत मात्र आपली प्रगती दिसते. शिवाय सी श्रेणीतल्या माणसाची तुलना सी श्रेणीतल्यांशीच होते. पहिल्या श्रेणीसाठी चार चाचण्या पुरतात.