धारूरच्या किल्ल्यामागची राणी

चांदबीबी कोण, हे दिंद्रुडच्या माझ्या वर्गातलं कुठलंही पोरगं सांगतं. नगरचा किल्ला लढवला तिनं! मग तिची आई कोण, असं विचारलं की सगळे बाकाखाली बघतात. खरं तर आम्हाला लेकीपेक्षा ही आईच जवळची. तेलगावमार्गे गेलं की लागतो तो धारूरचा किल्ला तिच्या अमदानीत उभा राहिला, आणि तिच्या शत्रूंना तो फार सोयीचा पडला.

तिचं नाव खुंजा हुमायून, अहमदनगरच्या हुसेन निजामशहाची बेगम. मुर्तजा, बुऱ्हाण आणि चांदबीबी ही तिची लेकरं. विजयनगरच्या रामरायाविरुद्ध एकी व्हावी म्हणून चांदबीबी विजापूरच्या अली आदिलशहाला दिली, सोबत सोलापूरचा किल्ला आंदण. अलीची बहीण मुर्तजाला केली. आपल्याकडं साटंलोटं म्हणतात, ते हेच. जानेवारी १५६५मध्ये राक्षसतागडीच्या लढाईत रामराया पडला. त्याच वर्षी हुसेनही वारला. मुर्तजा कोवळा, म्हणून राज्यकारभार आईनं हाती घेतला.

तिला आपण ओळखतो ते 'तारीफ-इ-हुसेनशाही' या पोथीमुळे. आफताबी कवीचं हे फारसी काव्य पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात आहे. त्यातल्या चित्रांत राणी थेट नवऱ्याशेजारी सिंहासनावर बसलेली. त्या काळी हे धाडसच. पुढं कुणीतरी त्यातल्या काही चित्रांवरची तिची आकृती रंग फासून पुसली. नवरा तसाच ठेवला, बाई तेवढी काढली! पुसणारा कोण ते सापडत नाही, पण ज्या सरदारांनी तिला शेवटी कैद केलं, त्यांच्या गोटातला असावा, असं मला वाटतं.

तिच्यावर आरोप काय? भावांना मोठमोठ्या जहागिरी दिल्या, फौजेकडं दुर्लक्ष केलं. भावांचे लाड खरे असतील. पण नातलगांना जहागिरी न देणारा सुलतान कोणता होता, हेही दाखवा. त्यात विजापूरचा सरदार किश्वरखान मुलखात घुसला आणि त्यानं धारूरला किल्ला बांधला. निजामशाही सरदारांना निमित्त मिळालं.

फिरिश्ता या इतिहासकारानं त्यांच्या पहिल्या कटाची गंमत लिहून ठेवली आहे. राणीला धरायचं ठरलं, मुर्तजाही सामील. तेवढ्यात आईनं त्याला सहज बोलावणं धाडलं. कट फुटला असं समजून पोरानं घाबरून सगळं तिच्यापुढं ओकून टाकलं! १५६९मध्ये मात्र तो डगमगला नाही. आई कैदेत गेली.

मग मुर्तजा तडक धारूरवर चालून गेला. किश्वरखान बाण लागून मेला, किल्ला पडला. म्हणजे निजामशाही फौज अगदीच मोडकळीस आली नव्हती. आईनं सगळं बुडवलं म्हणणाऱ्यांनी याचा हिशोब द्यावा. हाच मुर्तजा पुढं दरबार सोडून एकांतात राहू लागला, लोक त्याला दिवाना म्हणू लागले. कारभार दुसऱ्यांच्याच हाती गेला, फक्त आता ते दुसरे आईचे भाऊ नव्हते. १५८८मध्ये त्याच्या पोटच्या पोरानं, मीरान हुसेननं, त्याला मारलं.