पंखे बंद, साउंड चालू

१४ मार्च १९३१ रोजी मुंबईच्या मॅजेस्टिक सिनेमात ‘आलम आरा’ लागला आणि हिंदी पडदा बोलू लागला. ही तारीख पुष्कळांना ठाऊक असते. पडद्याला बोलतं करताना काय काय करावं लागलं, हे मात्र फारसं सांगितलं जात नाही. अर्देशिर इराणी यांचा स्टुडिओ रेल्वेच्या रुळांजवळ होता आणि दिवसभर गाड्यांची ये-जा चाले. आवाज अडवतील अशा भिंती नव्हत्या. मग गाड्या थांबल्यावर, रात्री उशिरा चित्रीकरण करायचं ठरलं. टॅनार नावाच्या यंत्रणेत चित्र आणि आवाज एकाच फिल्मवर, एकाच वेळी उमटत; नंतर आवाज वेगळा काढून दुरुस्त करण्याची सोय नव्हती. मायक्रोफोन कॅमेऱ्याला दिसू नये म्हणून सेटवर मिळेल त्या आडोशाला लपवला जाई. यंत्रणा जोडून द्यायला विल्फर्ड डेमिंग हा अमेरिकन तंत्रज्ञ आला होता. त्याच्याकडून शिकून इराणींनी आणि रुस्तम भरुचा यांनी ध्वनिमुद्रण स्वतःच्या हाती घेतलं.

जागेवर आवाज घेण्यातल्या सगळ्या अडचणी आपल्या पहिल्याच बोलपटाने अशा अंगावर घेतल्या होत्या. इराणींनी केलेल्या खटाटोपात मला सर्वांत मोलाचा वाटतो तो कामाच्या वेळेचा निर्णय. आवाजासाठी त्यांनी अख्खं युनिट रात्री जागवलं. ‘आवाज नीट मिळत नसेल तर वेळापत्रक बदलू’ असं म्हणणारा निर्माता पुढच्या काळात आपल्याकडे दुर्मीळ झाला.

१९३२ साली प्रभातचा ‘अयोध्येचा राजा’ आला आणि मराठी बोलपट सुरू झाला. गोविंदराव टेंबे आणि दुर्गा खोटे यांच्यासारखी मंडळी तेव्हा कॅमेऱ्यासमोर बोलत, तशीच गातही. वादक चौकटीबाहेर बसत. संवाद, गाणं आणि साथ हे सारं त्या क्षणी त्या जागेत जसं वाजलं तसं फिल्मवर उतरे. १९३५ मध्ये कलकत्त्याच्या न्यू थिएटर्सने नितीन बोस यांच्या ‘भाग्यचक्र’ आणि त्याच्याच हिंदी आवृत्तीत, ‘धूप छाँव’मध्ये, पार्श्वगायन आणलं. गाणं आधी ध्वनिमुद्रित करायचं आणि चित्रीकरणात नटाने ओठ हलवायचे. या सोयीने आपल्याला जे संगीत दिलं त्याबद्दल कृतज्ञच असायला हवं. पण आवाज आणि शरीर वेगवेगळ्या दिवशी, वेगवेगळ्या ठिकाणी टिपता येतात, हा विचारही तिथूनच रुजला.

संवादांच्या बाबतीत हा विचार पक्का झाला तो कॅमेरा स्टुडिओबाहेर पडल्यावर. स्टुडिओतले जाडजूड मिचेल कॅमेरे ध्वनिरोधक पेटीत बसवलेले असत. खांद्यावर पेलणारा ॲरिफ्लेक्स २सी डोंगरावर, बोटीत, कुठेही नेता येई. मात्र त्याची घरघर नटाच्या आवाजावर चढे. मग सेटवर फक्त ‘पायलट ट्रॅक’ घ्यायचा, म्हणजे नट काय बोलला याची कच्ची नोंद ठेवायची, आणि खरे संवाद काही महिन्यांनी डबिंगच्या खोलीत बोलून घ्यायचे, ही रीत पडली. तुलनेने शांत आणि तरीही हलका असा ॲरिफ्लेक्स ३५बीएल १९७२ मध्ये आला. त्याआधीच स्टेफान कुडेल्स्की यांच्या नाग्रा टेपरेकॉर्डरने चांगला आवाज गळ्यात अडकवून फिरवता येईल असा केला होता. यंत्रांची अडचण सुटत आली तरी सवय सुटली नाही. टेक चालू असताना दिग्दर्शक ओरडून सूचना देतो आहे, मागे जनरेटर धडधडतो आहे, बघे गप्पा मारत आहेत, आणि कुणालाच त्याचं काही वाटत नाही, असे सेट आपल्याकडे दशकानुदशकं चालले. कारण आवाज ‘नंतर’ व्हायचा होता.

त्याची किंमत नटाने मोजली. हंडा डोक्यावर घेऊन चढण चढणारी बाई वाक्य कुठे तोडते हे तिचा दम ठरवतो. डबिंगच्या वातानुकूलित खोलीत तिच्या ओठांशी शब्द जुळवता येतात. मानेवरचं ओझं तिथे नसतं. कसलेला नट हे अंतर बरंच भरून काढतो. पण आयुष्यात पहिल्यांदाच कॅमेऱ्यापुढे उभा राहिलेला गावातला मेंढपाळ ते कसं भरून काढणार?

मुख्य प्रवाहातल्या हिंदी सिनेमात हे चित्र पालटवणारा ठळक टप्पा म्हणून ‘लगान’चं नाव घ्यावं लागतं. आशुतोष गोवारीकर यांनी २००० साली भूजजवळच्या कुनरिया परिसरात हा चित्रपट सिंक साउंडमध्ये, म्हणजे संवाद जागेवरच मुद्रित करत चित्रित केला. वाळवंटी वारा, उघडं मैदान, क्रिकेटच्या सामन्यासाठी आणलेले हजारो गावकरी. ध्वनिमुद्रणाला याहून अवघड जागा मुद्दाम शोधूनही सापडली नसती. लोकेशनवर ध्वनीची जबाबदारी नकुल कामटे यांची होती, आणि या चित्रपटासाठी ध्वनिलेखनाचा राष्ट्रीय पुरस्कार त्यांना व एच. श्रीधर यांना मिळाला. तिथे मोलाची ठरली ती शिस्त. शेकडो माणसांचं युनिट ‘साउंड रोलिंग’ म्हटल्यावर चिडीचूप होतं, ही गोष्ट मोठ्या हिंदी चित्रपटाच्या सेटवर तोवर सहसा दिसत नव्हती.

आता थोडं कारागिरीबद्दल. चांगला माइक म्हणजे महागडा माइक, असा नवख्यांचा समज असतो. त्याहून मोठी गोष्ट आहे अंतर. माइक तोंडापासून दोन फुटांवरून चार फुटांवर नेला की थेट येणारा आवाज सहा डेसिबलने उतरतो, पण खोलीचा घुमारा आणि बाहेरची गाडी तेवढीच राहते. म्हणून बूमवाला, म्हणजे लांब काठीच्या टोकाला माइक धरणारा माणूस, चौकटीच्या कडेला खेटून, हात वर ताणून, मिनिटंच्या मिनिटं उभा असतो. संवाद त्याला नटाइतकेच पाठ असावे लागतात. कोण आधी मान वळवणार हे कळल्याशिवाय माइक वेळेवर वळत नाही. त्याची स्वतःची सावली कुठे पडते तेही त्याला सांभाळावं लागतं. सेटवरचं इतकं अंगमेहनतीचं आणि इतकं नाजूक काम दुसरं क्वचितच असेल, आणि श्रेयनामावलीत ते नाव वाचायला प्रेक्षक थांबत नाही.

बूमच्या टोकाला बहुधा शॉटगन माइक असतो. सेनहायझरचा एमकेएच ४१६ हा त्यातला जगभर वापरला जाणारा, जेमतेम २५ सेंटिमीटर लांबीचा. त्याच्या नळीला बाजूने खाचा असतात. समोरून येणारा आवाज सरळ आत जातो. बाजूचा आवाज वेगवेगळ्या खाचांतून मागेपुढे शिरतो आणि स्वतःलाच खोडतो. मात्र ही युक्ती नळीच्या लांबीच्या जवळपास किंवा त्याहून आखूड असलेल्या लहरींवर चालते. ट्रकची घरघर १०० हर्ट्‌झच्या आसपास असेल तर तिची लहर साडेतीन मीटरच्या घरात जाते. तिला २५ सेंटिमीटरची नळी काय अडवणार? चार भिंतींच्या लहान खोलीत तर परतून येणारे आवाज या नळीत गोंधळ घालतात. तिथे जाणते रेकॉर्डिस्ट शॉटगन बाजूला ठेवून खाचा-नळी नसलेला हायपरकार्डिऑइड माइक लावतात. भिंतीवर घोंगड्या टांगतात, चौकटीबाहेरच्या फरशीवर सतरंज्या अंथरतात.

दृश्य लांबून टिपलेलं असेल तर लेपल माइक, म्हणजे अंगावरच्या कपड्यांत लपवायचा चिमुकला माइक, लावण्यावाचून इलाज नसतो, आणि तिथे गाठ पडते वेशभूषेशी. खळ घातलेली सुती साडी कुरकुरते, रेशीम सळसळतं, मंगळसूत्राचे मणी माइकवर टकटकतात. काचेच्या बांगड्यांचं तर विचारूच नका. कधी माइक अंबाड्यात लपवावा लागतो, कधी कापडाच्या मऊ तुकड्यात गुंडाळून छातीशी चिकटवावा लागतो. वेशभूषाकाराशी रेकॉर्डिस्टचं आधी बोलणं झालेलं नसेल, तर टेकच्या पाच मिनिटं आधी नटीच्या पदराशी झटापट सुरू होते आणि तिचं लक्ष विस्कटतं.

शॉट संपल्यावर सगळ्यांना जागच्या जागी थांबवून अर्धा-एक मिनिट नुसता त्या जागेचा आवाज घेतात. याला रूम टोन म्हणतात. प्रत्येक खोलीच्या शांततेला स्वतःचा पोत असतो, आणि दोन वाक्यांमधली फट संकलकाला त्याच पोताने भरावी लागते. घाईच्या युनिटमध्ये हे मिनिट सर्वांत आधी कापलं जातं. मला हा शुद्ध करंटेपणा वाटतो.

अलीकडे ३२-बिट फ्लोट रेकॉर्डर आले आहेत. नट अचानक किंचाळला तरी रेकॉर्डरमध्ये आवाज फाटत नाही, ही त्यांची मोठीच सोय. पण मागची पिठाची गिरणी ते पुसत नाहीत. ती पुसायला संगणकावरची साधनं आहेत, आणि त्यांच्यावर फार विसंबण्यात मराठीपुरता एक धोका आहे. ‘चार’मधला च आणि ‘चाक’मधला च यांतला फरक वरच्या पट्टीतल्या सूक्ष्म घर्षणात असतो. गोंगाट पुसणाऱ्या साधनाला ते घर्षणही गोंगाटासारखंच दिसू शकतं. कापडाखाली दडलेला लेपलही तीच पट्टी खातो. बोलीभाषेतल्या चित्रपटात असे उच्चार झिजले की माणूस कुठल्या मुलखातला आहे ते कळेनासं होतं.

म्हणूनच २०१४ च्या चित्रपटांसाठीचे राष्ट्रीय पुरस्कार मराठीच्या दृष्टीने विशेष होते. सर्वोत्कृष्ट चित्रपट ठरला चैतन्य ताम्हाणे यांचा ‘कोर्ट’. त्यात लांबलचक, स्थिर दृश्यांत न्यायालयाचं कामकाज एकसुरी आवाजात चालू राहतं, आणि त्या आवाजातूनच व्यवस्थेचं वजन जाणवतं. त्याच वर्षी लोकेशन साउंड रेकॉर्डिस्टचा पुरस्कार महावीर साबन्नवार यांना भाऊराव कऱ्हाडे यांच्या ‘ख्वाडा’साठी मिळाला. भटक्या धनगर कुटुंबाची ही गोष्ट. उघडा माळ, वारा, मेंढरांचा कळप आणि त्यातून ऐकू येणारी माणसांची बोली. वाऱ्यासाठी माइकवर जाळीची नळकांडी आणि त्यावर केसाळ आवरण चढवता येतं, खालची पट्टी थोडी छाटता येते. कळपाला मात्र ‘सायलेन्स’ सांगता येत नाही. तिथे रेकॉर्डिस्टच्या धीराचाच कस लागतो. पुढे २०१८ च्या चित्रपटांत हाच पुरस्कार पुन्हा मराठीकडे आला, सचिनच्या वेडाने भारलेल्या खेड्यातल्या पोरांच्या ‘तेंडल्या’साठी, गौरव वर्मा यांना.

हा स्वतंत्र पुरस्कार २००९ च्या चित्रपटांपासून सुरू झाला होता आणि तो फक्त सिंक साउंडच्या चित्रपटांसाठी होता. २०२२ मध्ये तो ज्या चित्रपटाला जाहीर झाला तो मुळात डब केलेला आहे, असं त्याच चित्रपटाच्या ध्वनिरचनाकाराने आणि ऑस्करविजेते रसूल पूकुट्टी यांनी जाहीरपणे सांगितलं. परीक्षकांनाही जागेवरचा आवाज आणि खोलीतला आवाज यांतला फरक ऐकू आला नव्हता. त्यानंतर, ७० व्या पुरस्कारांपासून ध्वनीच्या पुरस्काराचे तीन वेगवेगळे विभाग एकत्र करून एकच ‘ध्वनिरचना’ पुरस्कार ठेवण्यात आला. बक्षिसाची रक्कम वाढली, पण उन्हात बूम धरणाऱ्या पथकाच्या कामाचं वेगळं नाव पुसलं गेलं. हा निर्णय चुकीचा आहे, असं माझं स्पष्ट मत आहे. ध्वनिरचना ही नंतरची, स्टुडिओतली कला आहे आणि ती थोर आहे. माळावर मिळवलेला संवाद ही दुसरी कला आहे.

पुरस्कार मिळो न मिळो, कमी बजेटच्या मराठी निर्मात्याला करता येईल अशी एक गोष्ट आहे आणि तिला फारसा पैसा लागत नाही. लोकेशन पाहायला दिग्दर्शक आणि छायाचित्रकार जातात त्या गाडीत साउंड रेकॉर्डिस्टलाही न्यावं. वाडा देखणा आहे हे डोळ्यांना लगेच दिसतं. पलीकडच्या आळीत गिरणी आहे, छपराला पत्रा आहे, साडेदहाला शाळेची घंटा होते, देवळाचा भोंगा याच दिशेला तोंड करून आहे, हे तिथे तासभर गप्प बसून ऐकणाऱ्यालाच कळतं. भारनियमन असेल तर जनरेटर वाऱ्याच्या कुठल्या बाजूला, किती लांब उभा करायचा आणि केबल किती लागेल, याचा हिशेब तिथेच होतो. पंखा आणि फ्रिज कुठल्या बटणावर बंद होतात ते टिपून ठेवता येतं. गावकऱ्यांशी बोलताना बाजाराचा वार कळतो, आणि संवादांची मोठी दृश्यं तो वार टाळून लावता येतात.